काळ्या पडद्यावरचे हिशेब

पुण्या-मुंबईकडच्या कोणत्याही मोठ्या गृहसंकुलात रात्री दोनच्या सुमारास खाली उभे राहून वर पाहिले, तर एक-दोन खिडक्या हमखास उजळलेल्या दिसतात. पूर्वी अशी खिडकी दिसली की घरात आजारी माणूस किंवा बारावीचे पोर आहे असे समजायचे. आता तिथे बहुधा एखादा संगणक अभियंता बसलेला असतो आणि त्याच्यासमोर एक काळा पडदा असतो. त्यावर ना चित्र, ना रंगीत बटणे. नुसत्या पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर सरकत असतात. आई दूध घेऊन येते, पडद्याकडे पाहते आणि 'बिघडला का रे?' असे विचारून परत जाते.

बिघडलेला नसतो. उलट, संगणक माणसाशी आडपडदा न ठेवता बोलतो तो याच काळ्या पडद्यावर. याला कमांड लाइन म्हणतात. एक आज्ञा टाइप करायची, एंटर दाबायचे, उत्तर वाचायचे आणि पुढची आज्ञा द्यायची. आपण मोबाइलवरून वीजबिल भरतो किंवा रेल्वेचे तिकीट काढतो, तेव्हा पलीकडे जी यंत्रे काम करीत असतात, त्यांची देखभाल बहुतांशी अशाच पडद्यावरून चालते. तुमच्या नात्यात असे रात्री जागणारे एखादे पोर असेलच. हा लेख थोडा त्याच्यासाठी आणि थोडा त्याच्या आईवडिलांसाठी आहे.

कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने या भानगडीत का पडावे, असा प्रश्न पडेल. माझी उभी नोकरी बँकेत गेली. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला. मग संघटनांशी वाटाघाटी झाल्या, मोर्चे झाले, करार झाले आणि नव्वदच्या दशकात आमच्या शाखेत एका वातानुकूलित खोपटात युनिक्सचा सर्व्हर आला. त्याला जोडलेली आठ मुकी टर्मिनल्स काउंटरवर बसली. दिवाळी अंकांना कथा स्वतः टंकलिखित करून पाठवायची माझी सवय होती. शाखेत टायपिंग येणारा अधिकारी मी एकटाच, म्हणून 'सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर' ही पाटी माझ्या गळ्यात पडली. पुढे बँकेने मोठाल्या प्रणाली आणल्या, सर्व्हर शाखेतून उठून दूर कुठेतरी गेला, पण काळ्या पडद्याची ओढ सुटली नाही. आज माझी सून याच व्यवसायात आहे. आमचे सासरा-सुनेचे बोलणे स्वयंपाकघरात कमी आणि या विषयावर जास्त होते.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे त्याचे मुख्य जनक. त्या काळी पडदे नव्हते. सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे खडखडत छापणारी टेलिटाइप यंत्रे होती. एवढ्या संथ यंत्रावर लांबलचक आज्ञा लिहायचा कंटाळा येणारच. म्हणून 'लिस्ट'चे झाले 'एलएस', 'कॉपी'चे 'सीपी', 'रिमूव्ह'चे 'आरएम'. आज लिनक्सच्या नावाने जगभर जे चालते, ते १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सुरू केले. त्यातही त्याच तोकड्या आज्ञा राहिल्या.

मला पहिल्याच आठवड्यात दोन आज्ञा फार आवडल्या. एक 'पीडब्ल्यूडी'. आपल्याकडे ही अक्षरे म्हणजे सार्वजनिक बांधकाम खाते आणि खड्डे. युनिक्समध्ये तिचा अर्थ 'मी आत्ता कोणत्या कप्प्यात उभा आहे ते सांग'. दुसरी 'हू ॲम आय'. आपल्या ऋषिमुनींनी 'कोऽहम्' या प्रश्नापायी अरण्ये जवळ केली. इथे प्रश्न टाइप करायचा अवकाश, उत्तर हजर. आणि हे उत्तर फार महत्त्वाचे असते. तुम्ही साधे वापरकर्ते आहात की 'रूट' आहात, म्हणजे सगळ्या कुलपांच्या किल्ल्या कनवटीला असलेले सर्वाधिकारी आहात, यावर पुढच्या आज्ञेचा परिणाम ठरतो. 'मी कोण, कुठे, कोणत्या यंत्रावर' हे तिन्ही विचारल्याशिवाय काहीही पुसू नये. तीन आज्ञांना पाच सेकंद लागतात.

पुसण्याचे मुद्दाम सांगतो. घरच्या संगणकावर फाइल पुसली तर ती आधी कचरापेटीत जाते, मन बदलले तर परत काढता येते. काळ्या पडद्यावर कचरापेटी नाही. 'आरएम' म्हटले की गेले. त्याला 'आर' आणि 'एफ' ही शेपटी जोडली, तर कप्प्यातले सगळे पोटकप्पे, एकदाही 'खरंच का?' असे न विचारता जातात. नारायणराव पेशव्यांच्या बाबतीत 'धरावे'चे 'मारावे' केल्याची आख्यायिका आपण ऐकत आलो. तिथे निदान एक अक्षर तरी बदलावे लागले. इथे नुसती एक मोकळी जागा पुरते. 'टेम्प'ला चिकटून तारांकन लिहिले, तर टेम्पने सुरू होणाऱ्या फाइली जातात. दोहोंत चुकून एक मोकळी जागा पडली, तर टेम्प जाते आणि तारांकनाच्या कृपेने त्या कप्प्यातले बाकी सगळेही जाते. यावर उपाय जुनाच आहे. जे पुसायचे, ते नेमक्या त्याच खुणेने आधी 'एलएस' लावून पाहावे. यादी पटली तर बाण वर दाबून तीच ओळ परत आणावी आणि फक्त 'एलएस'च्या जागी 'आरएम' लिहावे. रक्कम देण्यापूर्वी रोखपाल नोटा दुसऱ्यांदा मोजतो, तेवढीच ही गोष्ट.

बच्चेकंपनीच्या आवडत्या 'टॉय स्टोरी २'ची हकीकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. १९९८ साली पिक्सार कंपनीत हा चित्रपट तयार होत असताना कुणीतरी हीच आज्ञा चुकीच्या जागी दिली. पडद्यावर काम करणाऱ्यांना वुडीची टोपी नाहीशी झालेली दिसली, मग बूट, मग वुडीच. ओरेन जेकब यांनी फोन करून यंत्राची वायर उपटायला सांगितली, पण तोवर चित्रपटाचा बहुतांश भाग गेला होता. आणि बॅकअप? तो बरेच दिवस नीट होतच नव्हता, हे त्या दिवशी कळले. गॅलिन सुसमन या तंत्रप्रमुख बाई नुकत्याच बाळंत झालेल्या होत्या. घरून काम करता यावे म्हणून त्यांच्याकडे चित्रपटाची एक प्रत होती. तो संगणक गाडीत पांघरुणात गुंडाळून, तान्ह्या मुलासारखा जपून आणला, तेव्हा काम सावरले. गंमत म्हणजे पुढे कथा मनासारखी उतरत नाही म्हणून चित्रपटाचा मोठा भाग त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला आणि नव्याने केला. लेखक म्हणून मला ही उत्तरकथा अधिक जवळची वाटते.

दुसरी हकीकत ३१ जानेवारी २०१७ची, गिटलॅब या कंपनीची. जगभरच्या प्रोग्रॅमरांचे काम सांभाळून ठेवणे हाच तिचा धंदा. रात्री उशिरा एक अभियंता दुय्यम डेटाबेसची अडलेली प्रत दुरुस्त करीत होता. तिथला कप्पा रिकामा करायचा म्हणून त्याने आज्ञा दिली. पण तो बसला होता मुख्य यंत्रावर. दोन यंत्रांच्या नावांत फरक होता एक आणि दोन या आकड्यांचा. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले, त्याने आज्ञा थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबी माहितीपैकी साडेचार जीबी उरली होती.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या आणि त्यांतली एकही धडपणे कामाची नव्हती. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्यामुळे रोज अपयशी होत होता. अपयशाची ई-मेल निघत होती, पण ती समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता. बॅकअप साठवायची जागा उघडली, तर ती रिकामी. अखेर एकाने वेगळ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने काढून ठेवलेली प्रत सापडली, म्हणून निभावले. सावरायला सुमारे अठरा तास लागले. सहा तासांतले काम गेले ते गेलेच. कंपनीने हे सारे जाहीरपणे लिहून काढले, दुरुस्ती चालू असताना ती लोकांना थेट दाखवली आणि दोष एका थकलेल्या माणसावर ढकलला नाही. आपल्याकडच्या किती कार्यालयांत असे होईल?

ही गोष्ट वाचताना मला १९९८च्या नोव्हेंबरातले दिवस आठवले. एका तालुक्याच्या गावातल्या शाखेची डिस्क बंद पडली आणि मदतीसाठी आम्हा तिघांना तिकडे धाडले. तिथे रोज रात्री डे-एंडनंतर कार्ट्रिजवर बॅकअप घेतला जाई. सोमवार ते शनिवार अशा चिकटवलेल्या चिठ्ठ्यांची सहा कार्ट्रिज स्ट्राँगरूममध्ये ओळीने ठेवलेली होती. रजिस्टरात रोजची सही होती. आम्ही एकेक कार्ट्रिज लावत गेलो. सहाही वाचता येईनात. टेप ड्राइव्ह कित्येक आठवडे चूक दाखवीत होता, पण बॅकअपच्या स्क्रिप्टची शेवटची ओळ होती 'बॅकअप पूर्ण झाला' असे छापणारी. आधीची ओळ यशस्वी झाली की नाही, हे ती ओळ विचारतच नव्हती. चुकीचा संदेश क्षणात वर सरके आणि 'पूर्ण झाला' तेवढे पडद्यावर राही. ते वाचून इमानदारीने सही केली जाई.

नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. बाहेर पेन्शनरांची रांग आणि आत आम्ही शेवटच्या छापील लेजरवरून आणि व्हाउचरांच्या गठ्ठ्यांवरून एकेक खाते उभे करतोय. एक निवृत्त मास्तर रोज सकाळी येत. बायकोच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरलेले होते. पासबुकातली शेवटची नोंद ऑगस्टमधली. ते भांडत नसत. एवढेच म्हणत, ''माझे पैसे कुठं जात नाहीत, ठाऊक आहे साहेब. पण ते आहेत, असं कुणीतरी म्हणा.'' पाचव्या दिवशी त्या शाखेच्या व्यवस्थापकांनी पासबुक समोर ठेवून, स्वतःच्या जबाबदारीवर लेखी टिपण करून त्यांना रक्कम दिली. नवव्या दिवशी हिशेब जुळला, तेव्हा मास्तरांच्या खात्यात दिलेल्या रकमेहून पुष्कळ जास्त शिल्लक निघाली.

म्हणून या व्यवसायातल्या मुलामुलींना माझे पहिले सांगणे असते ते आज्ञेच्या 'निकाल-अंका'बद्दल. युनिक्सची प्रत्येक आज्ञा संपताना मुकाट्याने एक अंक सोडून जाते. शून्य म्हणजे काम झाले, शून्याखेरीज काहीही म्हणजे बिनसले. शाळेतल्या शून्याच्या बरोबर उलट. हा अंक विचारावा लागतो, आपणहून तो ओरडत नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट' आणि वजा 'ई' लिहिले, की सहसा कुठलीही ओळ फसली तर पुढच्या ओळी चालत नाहीत. ही काही अभेद्य तटबंदी नव्हे, तिला पळवाटा आहेत. पण त्या शाखेत एवढे जरी असते, तरी 'पूर्ण झाला' हे खोटे शब्द पडद्यावर उमटले नसते. आणि बॅकअप घेतला याला अर्थ नाही, तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहिला याला आहे. महिन्यातून एकदा उतरवा, एखादे खाते उघडा, आकडा ताडून पाहा.

ठरावीक वेळी आपोआप कामे करणारा 'क्रॉन' नावाचा एक इमानी नोकर असतो. रात्री दोनला उठवा, उठेल. पण तो तुमच्या ओळखीच्या वातावरणात काम करीत नाही. तुम्ही स्वतः टाइप केलेली आज्ञा चालते, कारण ती कुठे शोधायची हे तुमच्या खात्याला माहीत असते. क्रॉनला ते सारे रस्ते ठाऊक नसतात. त्याला आज्ञेचा पूर्ण पत्ता द्यावा, आणि त्याचे रडगाणे कुठे लिहायचे तेही सांगावे. नाहीतर ते अशा टपालपेटीत पडते, जी कुणी उघडत नाही.

सून म्हणाली, ''बाबा, जागा भरल्याचं लिहा, रात्रीचे निम्मे फोन त्याचेच असतात.'' सर्व्हरवर जे जे घडते, त्याची नोंद लॉग फाइलींत होत राहते. त्या वाढत जातात आणि एके रात्री डिस्क भरते. मग नवखा माणूस सर्वांत मोठी लॉग फाइल पुसून टाकतो आणि चक्रावतो, कारण 'डीएफ' ही आज्ञा अजून जागा भरलीच आहे म्हणते आणि 'डीयू' म्हणते की रिकामी आहे. दोघी खऱ्या असतात. फाइलीचे नाव यादीतून गेले, पण जो प्रोग्रॅम तिच्यात लिहीत होता त्याने ती अजून उघडी धरली आहे. लॉकरच्या रजिस्टरातून नाव खोडले, पण गिऱ्हाईक आत लॉकर उघडून बसलेले असावे, तसे हे आहे. तो बाहेर आल्याशिवाय लॉकर दुसऱ्याला देता येत नाही. तो प्रोग्रॅम कोणता ते 'एलएसओएफ' सांगते. तो रीतसर बंद करून पुन्हा चालू केला की जागा सुटते. रीतसर म्हणजे साध्या 'किल'ने, ज्यात प्रोग्रॅमला हातातले काम आवरायची संधी मिळते. 'किल वजा नऊ' म्हणजे काउंटरवर नोटा मोजत असलेल्या रोखपालाला खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवणे. ते अगदीच गत्यंतर नसताना.

परवानग्यांचे गणित बँकेतल्या माणसाला लगेच समजते. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक. मालक, गट आणि इतर, अशा तिघांसाठी तीन आकडे. काही चालेनासे झाले की घाईत '७७७' लिहून मोकळे होणारे पुष्कळ असतात. म्हणजे सर्वांना सर्व मुभा. आमच्याकडे स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असत, एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे, आणि दोघे आल्याशिवाय दार उघडत नसे. दार अडकते म्हणून बिजागऱ्या काढून ठेवा, असे कुणी सुचवले असते, तर त्याची चौकशी लागली असती. 'रूट' होऊन दिवसभर वावरण्याऐवजी लागेल तेव्हाच 'सुडो' म्हणून एकेका आज्ञेपुरता अधिकार घ्यावा. त्याची नोंदही राहते, कुणी, केव्हा, काय केले याची. १९८०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो इथल्या विद्यापीठात ही सोय प्रथम लिहिली गेली. पासवर्ड मात्र आज्ञेच्या ओळीत कधीही लिहू नये. तो इतिहासाच्या फाइलीत राहतो, आणि त्या क्षणी त्याच यंत्रावर बसलेल्या दुसऱ्या कुणालाही 'पीएस' लावून दिसू शकतो.

दूरच्या सर्व्हरच्या प्रवेशाचे नियम बदलताना, आधी उघडलेली खिडकी बंद न करता दुसऱ्या खिडकीतून आत येऊन पाहावे. नवे कुलूप बसवताना एक माणूस घरात ठेवतात ना, तसेच. सुनेने तर प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरांच्या खिडक्यांना गडद लाल रंग देऊन ठेवला आहे. ''लाल दिसलं की मी आधी दोन्ही हात मांडीवर ठेवते,'' ती म्हणते. गिटलॅबनेही त्या रात्रीनंतर आपल्या यंत्रांवर कुठले यंत्र आहे हे ठळक दिसेल अशी व्यवस्था करायचे ठरवले होते.

नुसत्या धोक्यांची यादी करून या पडद्याची बदनामी करायची नाही. त्याचे सौंदर्यही आहे. डग मॅकिलरॉय यांनी १९६४ सालीच लिहून ठेवले होते, की बागेतल्या पाण्याच्या नळ्या जोडतात तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. १९७३ साली युनिक्समध्ये ती नळी आली. एक उभी रेघ. तिच्या डावीकडच्या आज्ञेचे उत्तर उजवीकडच्या आज्ञेच्या ओंजळीत पडते. समजा, लाखभर ओळींच्या नोंदवहीतून कोणता पत्ता सर्व्हरला सर्वाधिक छळतो ते शोधायचे आहे. पत्ते वेगळे काढा, 'सॉर्ट'ने लावा, 'युनिक'ने मोजा, पुन्हा आकड्यांनुसार लावा, वरचे दहा पाहा. पाच लहान आज्ञा, चार रेघा. यात 'युनिक' फक्त शेजारशेजारच्या सारख्या ओळी ओळखते. म्हणून आधी लावून घेतल्याशिवाय मोजले, तर उत्तर चुकते. क्लिअरिंगचे धनादेश बँकवार लावून न घेता बेरीज मारायला बसणाऱ्या नव्या कारकुनाचे हेच होई.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीस अशा ओळी मागितल्याबरोबर लिहून देतात. मला त्यात वावगे वाटत नाही, मीही वापरतो. पण दुसऱ्याने लिहिलेले व्हाउचर न वाचता सही करणारा अधिकारी आम्ही कुठल्या शब्दांत हिणवायचो, ते इथे छापण्यासारखे नाही. प्रत्येक आज्ञेची माहितीपुस्तिका यंत्रातच असते. 'मॅन' लिहून पुढे आज्ञेचे नाव द्यायचे. भाषा रुक्ष आहे, पण शेपटीतल्या प्रत्येक अक्षराचा अर्थ तिथे मिळतो.

शेवटी एक तारीख सांगून ठेवतो. युनिक्सचे घड्याळ १ जानेवारी १९७०च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून, सेकंद मोजत आले आहे. जुन्या यंत्रांत हा आकडा बत्तीस बिटांच्या कप्प्यात ठेवलेला आहे आणि त्यात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी तो कप्पा भरेल आणि पुढच्या सेकंदाला अशा यंत्रांना वाटेल की डिसेंबर १९०१ उजाडला. नव्या प्रणालींत चौसष्ट बिटांचे कप्पे आहेत, त्यांना धोका नाही. पण कारखान्यांतून, यंत्रांच्या पोटातून जुने तुकडे अजून चालू आहेत. बँकांना ही तारीख केव्हाच भेटली आहे. २०१८च्या फेब्रुवारीत वीस वर्षांचे गृहकर्ज ज्या घरांनी घेतले, त्यांचा शेवटचा हप्ता तिच्या पलीकडे पडतो, आणि तो छापताना प्रोग्रॅमला पलीकडचे साल लिहावेच लागले. तुमच्या घरातल्या रात्री जागणाऱ्या मुलाला किंवा मुलीला विचारून पाहा, त्यांच्या कंपनीतल्या सर्वांत जुन्या यंत्राला हे साल लिहिता येते का. त्या दिवशी मंगळवार आहे.